गोदाच्या नावाची पिशवी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

भगवानरावांचा गुडघा कसा? – सूज उतरली, कुरकुर नाही उतरली. पद्मजाची साखर? – बरी म्हणायची, पण चहा चोरून पितेच. आमच्या प्राजक्ता सिस्टरची पाठ? – दुखतेय, सांगत नाही. आणि गोदाचा खोकला? काही कळत नाही. आठ दिवस झाले, केंद्रात फिरकली नाही.

आरोग्य केंद्राच्या बाकावर जो बसेल त्याला मी रोज हेच विचारते. केसपेपर लिहायचे आणि पोषणाच्या पिशव्या वाटायच्या, एवढंच माझं काम. फुकटचं, पण जीव रमतो. शाळेची पायरी कधी चढले नाही. उरणला मावशीकडे वर्षभर राहिले तेव्हा अक्षरं शिकले, ती अशी उपयोगी पडतात.

टीबीच्या अकरा पेशंटना दर महिन्याला पिशवी – शेंगदाणे, गूळ, डाळ, तेल, अंडी. दीपेश देतो. आता बिल्डर झालाय, पण माझ्या ओट्यावर खेळलेला पोर. गोळ्या मिळतात सरकारातून, पण रिकाम्या पोटी त्या तशाच बाहेर पडतात. पिशवी सुरू झाल्यापासून गोदाचं वजन काटा हलवायला लागलं होतं. गोळ्यांचे तीन महिने संपले, तीन राहिले. आणि आता ही गायब.

५ डिसेंबर

प्राजक्ता म्हणाली, "मावशी, मधेच सोडल्या तर पुढे या गोळ्या लागूच पडायच्या नाहीत."

उद्या वाडीवर जाते.

६ डिसेंबर

गोदाच्या वाडीवर जाऊन आले. रिक्षावाला वरपर्यंत येईना, शेवटचा चढ पायी. गोदा दाराशी लाकडं फोडत होती, मला बघून आत गेली. तिची पोरगी रूपा बाहेर आली. सातवीत आहे, चुणचुणीत.

"आय नाय म्हणते."

"नाय म्हणते म्हणजे? गोदे, बाहेर ये. मी काय वाघ आहे?"

आली. मग म्हणाली – "नाक्यावर माझा फोटू लावलाय. खाली टीबी लिवलंय. मुकादमानं वाचलं न् बांधकामावरून काढलं मला. तुमी म्हणालात हस, म्हून मी हसले."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच, मीच म्हणाले होते. पिशवी देताना दीपेश फोटोसाठी उभा, ही मान खाली घालून, आणि मी मधे – "जरा हस ग, किती गोड दिसशील." कशाला वळवळली माझी जीभ!

"रूपाच्या हाती गोळ्या तरी देऊ?" विचारलं.

"नको. गोळ्या नको, तुमची पिशवी बी नको."

७ डिसेंबर

नाक्यावर, करंजाड्याच्या वळणाशी थांबून फ्लेक्स पाहिला. दीपेश माणसाएवढा, गोदा कोपऱ्यात. वर मोठ्या अक्षरात – क्षयरुग्णांना मायेचा हात. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर एवढी धूळ उडवत जातात, तरी तिचे दात स्वच्छ दिसतात.

८ डिसेंबर

दीपेशच्या ऑफिसात जाऊन बसले. पाणी नको, चहा नको, आधी फ्लेक्स उतरव म्हटलं.

"उतरवतो की काकी, चिडता कशाला? पण एक सांगा, फोटो नाय लावला तर दुसरे देणारे येतील कशे? लोक बघतात म्हणून देतात. हा बघून दोघांनी विचारलंय. पुढच्या महिन्यात अकराच्या वीस पिशव्या होतील."

"तुझ्या आईचा लावला असतास असा?"

"आईला कुठं टीबी होता?"

वाईट नाही तो – हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. जास्त ताणलं आणि रुसून बसला, तर बाकीच्या दहा जणांनी खायचं काय? वीस पिशव्या झाल्या तर मलाही हव्याच आहेत. स्वतःचाच राग येतो.

संध्याकाळपर्यंत फ्लेक्स उतरला. शब्दाचा पक्का आहे.

११ डिसेंबर

पुन्हा वाडीवर. फ्लेक्स काढला ग, म्हटलं.

"काढून काय व्हतंय? बघायचा त्यानी बघितला." खोकत होती, पदरात. खोकला वाढलाय. "तुमाला काय म्हाईत, मावशी. तुमी खोकल्यात तर चार जण पाणी घेऊन धावतील. मी खोकले का लोक उठून जातात."

बोलायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोलले. चढ उतरून खाली आले. सत्तरी उलटली माझी, अजून कुणाला घाबरते मी?

१३ डिसेंबर

दीपेशला म्हटलं, "फोटो हवाच ना? माझा लाव. खाली काय छापायचं ते लिहून आणलंय."

"तुमचा कशाला, काकी?" हसला. मग कागद वाचला. पुन्हा वाचला. पंखा बंद केला, परत चालू केला.

"घरी माहीत आहे का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाक्यावर वाचतील."

१४ डिसेंबर

रूपाच्या हाती दिलेली चिठ्ठी इथे उतरवून ठेवते –

गोदे, उरणला मी मावशीकडे मजेत राहायला गेले नव्हते. मला टीबी होता. सोळा वर्षांची होते. घरच्यांनी लपवून ठेवलं होतं. रोज दाराशी कुणीतरी दुधाचा तांब्या ठेवून जायचं, त्याचं नाव मला आजतागायत कळलं नाही. माझा नवरा गेला, त्यालाही मी हे सांगितलं नाही. सोमवारी नाक्यावर माझा फोटो लागेल, खाली सगळं लिहिलेलं. मी हसलेय त्यात. तुझी पिशवी आणि गोळ्या केंद्रात नाहीत, माझ्या घरी आहेत. ये. पाय निघत नसेल तर रूपाकडून दोन ओळी लिहून धाड, मी घेऊन येते. पण उद्याच धाड.