किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला

विनिपेग,
डिसेंबरचा पहिला शनिवार

प्रिय ओरिस्या,

पोरी, आधी बस, मग वाच. दारात गुडघाभर बर्फ साचलाय. तो उपसायचा सोडून लिहायला बसलेय, इतका आनंद झालाय मला!

काल विद्यापीठात बैठक होती. मला, या निवृत्त बाईलाही बोलावलं, बहुधा जुनं कपाट म्हणून. विभागप्रमुख डग्लस तसा गोड माणूस, पण फळ्यावर चित्र काढलं ते तेच: रशियन अभ्यासाचं मोठं घर आणि त्यात आपली एक खोली. झेरॉक्स यंत्राशेजारची तीच, जिथे तू माझ्या हाताखाली युक्रेनियन शिकलीस. म्हणाला, "बाई, प्रत्येकाला खोली दिलीय की!" मी म्हटलं, "खोली आमची, मग किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला का? आमचा इतिहास किती नि कसा शिकवायचा, ते रशियन शिकवणाऱ्यांनी का ठरवायचं?" म्हणे, परंपरा आहे. परंपरा! तिकडे आपल्या माणसांवर बॉम्ब पडताहेत, आणि हे अजून मॉस्कोच्या खिडकीतून आम्हाला न्याहाळणार! नन्सनी शाळेत शिकवलं होतं, आवाज चढवू नये आणि खोटं बोलू नये. दोन्ही एकदम जमेना, तेव्हा पहिलं सोडून दिलं.

तेवढ्यात मागून टेक्ल्याकाकू उठली. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी ती आणि तिच्या मैत्रिणी पिरोही, त्या बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, वळून विकतात आणि त्यातूनच आपला विषय शिकवणाऱ्याचा पगार निघतो, तुला ठाऊकच आहे. ती डग्लसला म्हणाली, "बाळा, दर शुक्रवारी दोन ताटं चापतोस, वर आंबट साय मागतोस. आम्ही कोपऱ्यासाठी नाही हो हात दुखवत! वेगळा विभाग दे, नाहीतर सँडविच खा." सगळी खोली खो खो हसली. डग्लस लालेलाल झाला, पण ठरावाला पहिला हात त्यानेच वर केला!

ठराव मंजूर झाला. युक्रेनियन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग, ओरिस्या! अट एकच: उन्हाळ्याच्या आत शिकवणारं माणूस मिळालं पाहिजे. नाहीतर परत तीच खोली.

तू टोरांटोच्या बँकेत गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, "बाई, दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू होऊन मी नाही शिकवणार." आता घर आपलं आहे. ख्रिसमसच्या आदल्या रात्री आपण वारलेल्या माणसांच्या नावानं एक रिकामं ताट मांडतो ना, गेली काही वर्षं मी ते मनात तुझंच धरत आले. जित्याजागत्या पोरीचं ताट रिकामं ठेवणं बरं नव्हे. यंदा ये, पोटभर जेव, आणि सकाळी माझ्यासमोर बसून अर्ज लिही.

तुझीच, अजून आवाज न उतरलेली,
इरेनाबाई