हिरव्या पत्र्याखालची बाटली

४ मार्च

तुझी बाटली लाल झाली आहे. मी तिच्यात काही घातलेलं नाही, बुचाला हातही लावलेला नाही. हे आधी वाच, मग आशीर्वाद घे.

चि. भुंगीस अ. उ. आ.

तीन आठवड्यांपूर्वी तू प्रयोगशाळेतून घाईघाईने आलीस, कापसाचं बूच लावलेली बाटली माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालीस, आजी, हे शेवाळ आहे, उजेडात ठेव, रोज एकदा हलव, कुणाला दाखवू नकोस. मी ती शिलाईच्या खोलीत मशीनशेजारी ठेवली. तेव्हा ते निळसर हिरवं होतं. आता विटा धुतलेल्या पाण्यासारखं झालंय. आधी वाटलं, माझं डोळ्याचं ऑपरेशन फुकट गेलं. त्या खोलीवर प्लास्टिकचा हिरवा पत्रा आहे, तिथे कुठलंच कापड खरा रंग दाखवत नाही. दोरा जुळवायला मी दारात जाते, तशी बाटलीही दारात नेली. तिथे ती आणखीच लाल.

मेलं म्हणावं तर वास नाही, आणि आधीपेक्षा दाट झालंय. मेलेलं वाढतं कसं? माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझ्यावर माया आहे, सध्या ती रागाखाली दबली आहे.

आजी

९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी तुला खरं सांगितलं नव्हतं. इथे माझ्या ताब्यातली मोठी बाटली अशीच लाल झाली होती. माझ्या हलगर्जीपणाने तिच्यात भलतंच काही शिरलं, असं वाटून मी घाबरले आणि ती बेसिनमध्ये ओतून दिली. आमच्या मॅडमनी ते वाण अकरा वर्षं जपलंय आणि दुसरी बाटली नाही. सरावासाठी मी आधीच त्यातलं थोडं काढून घेतलं होतं. तेवढंच निळं उरलं, ते तुझ्याकडे लपवलं. मॅडमना सांगितलंय, सावकाश वाढतंय. त्या महिनाअखेर बघायला मागणार आहेत. खरं कळलं तर माझी इथली जागा गेली. आजी, नीट आठव, साबणाचा हात तर लागला नाही ना?

रागाव, पण आपलं म्हण.

तुझी
भुंगी

२२ मार्च

साबण म्हणे. चाळीस वर्षं लोकांचे पांढरे सदरे शिवले, एकावर डाग पडला नाही, आणि ही मला साबण विचारते.

चि. भुंगीस आशीर्वाद, निम्मे. उरलेले खरं बोलशील तेव्हा.

गुन्हेगार मी की खोली, हे मला बघायचं होतं. दोन बरण्या उकळून गार केल्या, तुझं पाणी दोन्हीत निम्मं निम्मं ओतलं. एक हिरव्या पत्र्याखालीच ठेवली, दुसरी पुढच्या खिडकीत. आज बारा दिवस झाले. मागची लालच आहे. पुढचीचा लालपणा दिवसागणिक उतरला, आता ती तू आणलीस तशी निळसर हिरवी दिसते. पाणी तेच, हात तोच. मला यातलं काही कळत नाही, पण तुझ्या तिथल्या मोठ्या बाटलीवर कसला उजेड पडत होता ते मला कळव.

जेवत जा. घाबरलीस की तू जेवत नाहीस.

आजी

२६ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

इथे बाटलीच्या फळीवरचा दिवा डोळ्यांत खुपायचा, म्हणून मीच त्याला हिरवा जिलेटीन कागद गुंडाळला होता. तुझं पत्र आल्यावर पुस्तक काढलं. रक्त ज्याने लाल दिसतं ना, तसलंच अणूंचं एक कडं हे शेवाळ स्वतः बनवतं. मग शेवाळच ते कडं कापून उघडतं. कापलेलं कडं आधी हिरवं होतं, आणि त्यातून कधी निळा रंग बनतो, कधी लाल. निळा रंग तांबडा उजेड पकडतो, लाल रंग हिरवा पकडतो. हिरव्याच उजेडात कोंडलं तर शेवाळ लाल जास्त बनवतं, म्हणजे उपाशी राहत नाही. आजी, मी धडधाकट शेवाळ ओतून दिलं.

पण तू मला वाचवलंस. मी रविवारी येते. पुढची बरणी दे, मी ती जागेवर ठेवून देईन. मॅडमना कळणारही नाही.

तुझी
भुंगी

२८ मार्च

रविवारी येऊ नकोस. दार उघडणार नाही.

चि. भुंगीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा गोंधळले. हिरव्या उजेडात हिरवं व्हायचं सोडून लाल का व्हावं? तू लिहिलंयस, तरी वाचून झालं की निसटतं. कडं कापायचं तेवढं समजलं. परवा मशीनच्या पायट्याला नडगी आपटली, ती आधी जांभळी होती, आता हिरवी पडली आहे. तेही रक्ताचंच कापकाम असेल, तर माझ्या पायात काय चाललंय ते मॅडमना विचार.

एकदा मी गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड उलटं कापलं आणि कापडच खराब होतं म्हणून सांगितलं. तो भला माणूस, बरं म्हणाला. पुढची कितीतरी वर्षं रस्त्यात दिसला की मी पलीकडून जायची. तो कधीच काही बोलला नाही, तेच वाईट. अकरा वर्षं जपणारी बाई बाटली बघेल आणि तुला शाबासकी देईल. ती शाबासकी घेऊन तू जाशील कुठे?

जागा गेली तर इथे ये, काजं करायला शिकवीन. उपाशी मरणार नाहीस.

दोन्ही बरण्या माझ्याकडे आहेत, रोज हलवते. मॅडमचं पत्र आल्याशिवाय त्या घराबाहेर जाणार नाहीत. तू सगळं तोंडाने सांगितलंस, बेसिनसकट, असं त्यात असायला हवं.

तेव्हा या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तुझ्या अक्षरातलं पाकीट मी फोडणार नाही. मॅडमनी लिहायचं.

आजी