नऊशे नव्वद ग्रॅम

२४ मार्च, सोमवार. सकाळ.
नवा लॅपटॉप आला. नऊशे नव्वद ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, कंपनी खोटं बोलत नाही. महाग आहे, पण फील्डवरच्या माणसाला हा खर्च नसतो, गुंतवणूक असते. पाठ वाचेल, वेळ वाचेल, इज्जत वाढेल. कांता म्हणाली, "बाजारात वजन वाढलं का भाव वाढते. तुमी उलटंच करून आले." बायकोला प्रोफेशनल गरजा समजत नाहीत. जुना लॅपटॉप साळ्याला देऊन टाकला. तो घेऊन सिरोंच्याला गेलासुद्धा.

संध्याकाळ.
मोहर्लीकडच्या पिंपळटोल्याला जाऊन आलो. बॅगेत लॅपटॉप आहे हे कळतच नव्हतं, दोनदा गाडी थांबवून चाचपला. गावाभोवती झाडांना लावलेल्या सहा कॅमेऱ्यांची कार्डं बदलून आणली. माझं काम सोपं आहे. कार्ड लॅपटॉपमध्ये टाकायचं, वाघाचे फोटो आहेत का पाहायचं, आणि गावच्या रखवाली टीमचे बापूराव मडावी यांना मेसेज करायचा. त्यावर बाया ठरवतात, पहाटे मोहफुलं वेचायला जायचं की नाही.

नव्या लॅपटॉपला कार्डाची खाचच नाही. बाजूला दोन बारीक भोकं, बस. एवढ्या पातळ वस्तूत खाच येणार कुठून. हा दोष नाही, डिझाइन आहे. अ‍ॅडॉप्टर ऑनलाइन मागवला. गुरुवारी येतो.

२५ मार्च
ऑफिस. माधवी रामटेके माझ्यासारखीच कोऑर्डिनेटर. तिच्याकडे आमच्या वन्यजीव संस्थेचा जुना तीन किलोचा ठोकळा. त्याला खाच आहे. पण मागच्या मीटिंगमध्ये मीच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हा लॅपटॉप नाही, पाटा आहे. आता त्याच पाट्यापुढे कार्ड घेऊन कसं उभं राहायचं. तिने विचारलं, कार्डं पाहिली का. म्हटलं, प्रोसेसिंग चालू आहे. एका अर्थी खरं आहे.

बापूरावांचा फोन. "भाऊ, काई दिसलं का? गावातले कुत्रे दोन दिवसांपासून घराबाहेर निघून नाई राह्यले." उन्हाचं असेल, म्हटलं. उद्या कळवतो.

२६ मार्च
बापूराव पुन्हा. "बाया विचारून राह्यल्या. फूल खाली पडून सुकून राह्यलं." आठवड्याच्या रिपोर्टची तारीखही आजचीच. नव्या स्क्रीनवर रिपोर्ट फार सुरेख दिसतो. एकच रकाना रिकामा: वाघाची हालचाल. रिकामा रकाना बरा दिसत नाही. मागचे चार आठवडे 'नाही' होतं. याला ट्रेंड म्हणतात. 'नाही' लिहिलं. बापूरावांनाही तेच पाठवलं. त्यांचं उत्तर: जोडलेले हात.

२७ मार्च
अ‍ॅडॉप्टर नाही. 'विलंब' असा मेसेज. चंद्रपूरच्या गोल बाजारात मिळतो म्हणतात, पण लोकल मालाने पोर्ट जळतो असं ऐकलंय. एवढ्या महाग मशीनला रिस्क नको.

२८ मार्च
आज गावातच बसून काम करायचं ठरवलं. लाइटवेटचा फायदा तोच. सकाळी नाल्याजवळच्या मोहाखाली खडकावर बसलो. गावातल्या वारलूची बायको गोकुळाबाई टोपली घेऊन आली. "तुमचा मेसेज आला म्हणून आली. नाई तं मन नोतं होत," म्हणाली. लॅपटॉपकडे बघून विचारलं, "याच्यात वाघ दिसते का?" म्हटलं, सगळं दिसतं.

थोड्या वेळाने पलीकडे माकडं ओरडायला लागली. थांबेचनात. गोकुळाबाई वेचता वेचता वाकलेलीच राहिली, मग अर्धी टोपली तशीच उचलली. "चला भाऊ." मला एक ईमेल पाठवायचा होता. नेटवर्क नव्हतं म्हणून निघालो. परतताना ती एकदाही मागे वळली नाही. मी तीनदा वळलो. बॅगेची चेन नीट लागली का पाहायला.

२९ मार्च
निश्चय: माधवीकडे जायचं. उद्या पाडवा, परवा ईद. म्हणजे मंगळवारी. नवा लॅपटॉप दाखवायला म्हणून जायचं आणि बोलता बोलता कार्डं पुढे करायची. मान राहतो.

३१ मार्च. सकाळी नऊ.
बापूरावांचा फोन. गोकुळाबाई. पहाटे. तोच मोह. बाकीच्या बाया ओरडत धावल्या म्हणून वाघिणीने सोडली. उजवा खांदा, मान. गाडीत घालून चंद्रपूरला आणून राह्यले.

दुपार.
माधवी सुट्टी सोडून आली. तिने कार्ड ठोकळ्यात घातलं. दीड मिनिट लागलं. सदतीस फोटो. वाघीण आणि दोन पिल्लं, वीस तारखेपासून रोज, नाल्याजवळच्या मोहापाशी. सगळे पहाटे पाच ते सहा.

तिने विचारलं, 'नाही' कशावरून लिहिलं. ट्रेंडवरून, म्हटलं.  ती फोटो एकेक करून वनखात्याला पाठवत राहिली. मी शेजारी उभा होतो. बसा म्हणाली नाही.

१ एप्रिल
दवाखाना. गोकुळाबाई वाचेल, डॉक्टर म्हणाले. हाताचं सांगता येत नाही. वारलू बाहेर जमिनीवर बसला होता. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं, टेक्निकल अडचण आली. तोच म्हणाला, "भाऊ, मशीननं पाह्यलं नाई का?"

वाक्य सोपं होतं. नुसतं 'हो, नाही पाहिलं' म्हणायचं होतं.

"मशीननं पाहिलं होतं," मी म्हटलं. "मी पाहिलं नाही."

त्याने माझ्या बॅगेकडे पाहिलं. "मंग लिवलं काऊन?"

 

२ एप्रिल
पिंपळटोला. बापूरावांना सगळं सांगितलं. माणसं जमली होती. कोणी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. कार्डं यापुढे माधवी पाहणार. मी रोज दिवस मावळायच्या आत गावात यायचं आणि घरोघर जाऊन सांगायचं, उद्या जायचं की नाही. "मोबाइलवर नाई," बापूराव म्हणाले. "दारात उभं राहून, तोंडानं."

घरांची यादी दिली. एकेचाळीस घरं. पहिलं गोकुळाबाईचं. तिथून आता कोणी फुलं वेचायला जाणार नाही, मी म्हटलं.

"तरी सांगून या," म्हणाले.