मंजुळाबाईचं कोपर

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. नौपाड्यात दवाखान्याच्या वरचा मजला, दोन खोल्या, दोन संगणक, मोठी खिडकी. मालक काळुराम भोईर. सगळे त्यांना दादा म्हणतात. जमीन विकून संगणकातल्या माणसांच्या आकृत्या विकायच्या धंद्यात उतरलेत. संगणकात एका बाईची आकृती आहे. तिचा हात वाकवला की कोपराशी मांस आत चेपतं, नळीला घडी पडावी तसं. मी आकृतीच्या जाळीतले तिथले बिंदू माउसने ओढून खरा आकार घडवायचा आणि त्या कोनाशी जोडायचा. मग हात तेवढा वाकला की दुरुस्ती आपोआप लागू होते. शहाडला घरी जाताना आईसाठी पेढे घेतले.

५ नोव्हेंबर, गुरुवार
आकृती जिच्या मापांवरून केली ती मंजुळाबाई रोज मासळी विकून झाली की येते. चेंदणी कोळीवाड्यातली, चाळिशीची. मी सांगेन तसे हातपाय वाकवून बसते, मी बघून आकार घडवते. आज म्हणाली, "काय गो जया, मना माती समजतेस काय?" मी हसले नाही, पण ती मला आवडली.
आकृतीच्या उजव्या कोपराखाली चुकून एक बिंदू जास्त आत गेला. तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. उद्या काढीन.

६ नोव्हेंबर
मंजुळाबाईच्या उजव्या कोपराखाली तेवढाच खड्डा आहे. काल नव्हता, काल तासभर मी तिथेच बघत होते. विचारलं तर म्हणाली, मासळीच्या पाटीचा काठ लागला असेल. असेल. आकृतीतला खड्डा मी अजून बुजवलेला नाही.

९ नोव्हेंबर
दोन शक्यता. एक, दादा आणि ती मिळून माझी गंमत करताहेत. दुसरी लिहीत नाही. खात्रीसाठी आकृतीच्या डाव्या गुडघ्यामागे बारीक उंचवटा केला. कोणाला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर
उंचवटा आहे. काल संध्याकाळी साडेचारला घरी पाटी उचलताना तिथे चमक आली, म्हणाली. मी फाइल साठवली ४ वाजून ३२ मिनिटांनी. तिच्यासमोर दोन्ही खुणा काढल्या आणि फाइल साठवली. तिच्या अंगावरूनही गेल्या. तिने गुडघा चोळला आणि म्हणाली, तुझ्या हाताला गुण हाय.

१२ नोव्हेंबर
दादांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, गप्प बस आणि काम पुरं कर. मग विचारलं, कोपर एकशे पंचेचाळीस अंशांवर का अडवलंस? गिऱ्हाइकाला हवं तसं वळवता आलं पाहिजे. मी म्हटलं, माणसाचं तेवढंच वाकतं. म्हणाले, "अगो, आपण माणूस विकतो काय?"
त्यांना आधीपासून माहीत आहे.

१६ नोव्हेंबर
सगळ्या सांध्यांच्या मर्यादा कोणीतरी काढून टाकल्यात. शनिवारी, मी सुट्टीवर असताना. परत घातल्या.

१७ नोव्हेंबर
उपयोग नाही. आकृतीच्या चाळीस सीडी शनिवारीच कुरिअरने गिऱ्हाइकांना गेल्या, मर्यादांशिवाय. पत्ते मागितले. दादांनी कपाटाला कुलूप लावलं.
मंजुळाबाईला म्हटलं, येऊ नकोस. म्हणाली, आता गो काय केलं मी? पाटी उचलली आणि परवा येते म्हणून गेली.

१९ नोव्हेंबर, सकाळी ११.१०
ती समोर बसलीय. माझा संगणक बंद. वायर मीच काढलीय. दुसऱ्याचीही.
तिचा उजवा हात कोपरातून वाकत वर चाललाय. म्हणते, "मी नाय करत गो."
थांबला. जरा मागे. पुन्हा पुढे. माउस धरून योग्य कोन शोधावा तसा—
मी धरून पाहिला. ऐकत नाही. मोजतेय, दुसरं काही सुचत नाही.
९०. १२०.
१४०. थांबला.

११.१४
डावा पाय. वेग वेगळा. हा दुसराच कोणीतरी गिऱ्हाईक—
दादा दारात आहेत. आत येत नाहीत.
उजवा हात पुन्हा. ती विचारते, जया, थांबव गो, कवा थांबल—
१४५.
नाही, पुढे नको, पुढे
१४७