वन्संवरचं प्रॅक्टिकल

४ ऑगस्ट, सकाळ
सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला सब्जेक्ट हवा. म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ते माणूस. वर्गातल्या मुली एकमेकींनाच धरून मोकळ्या झाल्या. मला कुणी धरलं नाही, माझं वय बघून बिचकतात. हरकत नाही. बी.ए.ला मेजर म्हणून हा विषय मी उगाच नाही घेतला. गावच्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग सांभाळायचे, आणि आज मार बसणार की नाही हे मी त्यांच्या टोपीवरून सांगायचे. मन ओळखणं माझ्या अंगातच आहे.
माझा विषय ठरला: तक्रारीची सवय मोडणे. सब्जेक्ट: वन्सं.
हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. वन्सं माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवून रिटायर झाल्या. डोळे उघडले की तक्रार सुरू. नळ गळतो, गुडघा धरलाय, खालच्या दुकानाचं शटर, माझा चहा.

४ ऑगस्ट, संध्याकाळ
मॅडमचं म्हणणं, घरच्या माणसांवर प्रयोग करायचा नाही. आणि कुणावरही केला तरी आधी सांगून, सही घेऊन.
वन्संना आधी सांगितलं तर त्या प्रयोगाचीच तक्रार करतील. शिवाय त्या घरच्या कुठे, सासरच्या आहेत. सही मागाहून घेईन.

७ ऑगस्ट
आधी नुसतं मोजायचं असतं. एका तक्रारीला वाटीत एक शेंगदाणा. जेवणाच्या आत वाटी भरली. वन्संनी विचारलं, हे कशाला. म्हटलं, मोजायला. काय मोजायला? म्हटलं, शेंगदाणे.
मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी माझा सगळा डेटा खाल्ला. वर म्हणाल्या खवट आहेत. त्याचाही एक टाकला.

११ ऑगस्ट
आजपासून खरा प्रयोग. युक्ती सोपी आहे. तक्रार केली की ऐकलंच नाही असं वागायचं. मान वळवायची नाही, हुं करायचं नाही. चांगलं बोलल्या की लगेच हसून दाद द्यायची. दाद मिळाली नाही की वागणं हळूहळू विझतं. याला एक्स्टिंक्शन म्हणतात. स्पेलिंग पाठ केलं.
सकाळभर भिंतीकडे बघत बसले. वन्सं चांगलं काहीच बोलल्या नाहीत, त्यामुळे हसायचा प्रसंग आला नाही.

१४ ऑगस्ट
वन्सं म्हणाल्या, गुडघा फार दुखतोय, जरा तेल लावता का. ही तक्रार की विनंती? पुस्तकात बघितलं, तसं काही दिलेलं नाही. शेवटी पंख्याकडे बघत बसले. त्या थोडा वेळ थांबल्या, मग स्वतःच वाकून लावू लागल्या. हात पोचत नव्हता.
मन खात होतं. पण शास्त्रज्ञाला कठोर व्हावं लागतं. संपलं की वन्संना सगळं सांगून मस्त हसवीन. रोज तेलही लावीन.

१८ ऑगस्ट
वन्सं मोठ्याने बोलायला लागल्यात. अगदी समोर येऊन उभ्या राहतात, तोंडाजवळ तोंड आणतात आणि ओरडतात, नळ गळतोय. मी ढिम्म. दुपारी पाठीमागून आल्या आणि ताट जमिनीवर आपटलं. मी दचकले नाही. आतून पार हलले होते.
पुस्तक उघडलं तर सगळं लिहिलेलं. विझण्याआधी वागणं एकदा भडकतं. म्हणजे प्रयोग रुळावर आहे. आनंदाच्या भरात चहात साखर दोनदा घातली.

२५ ऑगस्ट
तक्रारी बंद. एकही नाही. वाटी रिकामी.
वर्गात माझ्या शेजारी एक चष्मिस मुलगी बसते. तिला कॉलेजात सांगितलं तर तिचं तोंड उतरलं. काकू, त्यांना विचारलं होतं का, म्हणाली. म्हटलं, तू लहान आहेस, नणंद म्हणजे काय ते तुला कळायला अजून वेळ आहे. ती म्हणाली, मॅडमना कळलं तर प्रॅक्टिकल रद्द होईल, आणि प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष गेलं.
ते ठीक आहे. सही उद्या घेते.

२९ ऑगस्ट
सही राहिली. वन्संचा मूड बघून घेणार होते, पण मूड कळायला माणूस बोलायला तर हवं. चहा हवा असला तर अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवतात. जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावतात. टीव्हीचा आवाज स्वतःहून वाढवून माझ्याकडे बघतात आणि गोड हसतात.
घर कसं शांत आहे. हेच हवं होतं मला.
मुद्दाम भाजी करपवली. तळापर्यंत काळी. वन्संनी खाल्ली, दोन बोटं जुळवून दाखवलं, फक्कड झालीय. माझ्या घशाखाली गेली नाही.

१ सप्टेंबर
ठरलं. आज सगळं कबूल करायचं.
संध्याकाळी करू. संध्याकाळी त्यांना बरं वाटतं.
संध्याकाळी त्या लवकर झोपल्या.

३ सप्टेंबर
वन्संनी बॅग भरली. माझ्या पुतणीकडे चालल्या, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीकडे. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. दारात थांबून माझे दोन्ही हात धरले आणि एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "मी. येते. जाऊन."
डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचं मन मोडलं. माणसाची सवय मोडायला निघाले आणि काय मोडून बसले. हे असते तर म्हणाले असते, एवढी एक बहीण आहे मला, तीही घालवलीस.

५ सप्टेंबर
फोन केला. पुतणीने घेतला. वन्संना दे म्हटलं तर ती कुजबुजली कुणाशी तरी, मग मोठ्याने म्हणाली, आत्या म्हणते काकूंना फोनवर उगाच त्रास नको. ठेवला.
इतका राग. बरोबरच आहे.
नळ खरंच गळतोय. संबंध दिवस तेवढाच आवाज घरात. शटरकडेही कान लावून बसते. गुडघ्याचं तेल खिडकीत तसंच आहे. त्या आल्या की पाय धरणार, मग सही गेली खड्ड्यात, वर्ष गेलं तरी चालेल. इतकं पक्कं मी आयुष्यात काही ठरवलं नव्हतं.

१० सप्टेंबर, दुपार
वन्सं आल्या. चप्पलसुद्धा न काढता मला खुर्चीत बसवलं, पर्समधून एक डबी काढली आणि माझ्या उजव्या कानात काहीतरी खुपसलं.
कानाचं मशीन.
पुतणी कानाच्या डॉक्टरकडे कामाला लागलीय म्हणे. तिच्याकडून तात्पुरतं वापरायला आणलं. पहिल्याच दिवशी वन्संच्या लक्षात आलं होतं की मला ऐकू येईनासं झालंय. ताट आपटून त्यांनी खात्री करून घेतली. मग बोलणंच सोडलं. कारण सारखं काय, काय विचारावं लागलं असतं तर मी लाजले असते.
मशीन शिट्टी वाजवत होतं.

१० सप्टेंबर, संध्याकाळ
सगळं सांगितलं. प्रॅक्टिकल, शेंगदाणे, पंखा, तेल, काही लपवलं नाही. रडले. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.
"वहिनी, कान जायला लागले की सगळेच अशा गोष्टी रचतात. आमच्या शाळेतल्या एक बाई अशाच, ऐकू येईना तर सांगायच्या, मी मुद्दाम उत्तर देत नाही. लाजायचं काय त्यात?"
मी मशीन काढून ठेवलं आणि पाठ करून उभी राहिले. म्हटलं, आता बोला काहीही, मी उत्तर देते. त्या म्हणाल्या, नळ अजून गळतोय. मी म्हटलं, हो, गळतोय.
"तो काय, गळतच असतो. अंदाजाने बोललात. हुशार तुम्ही पहिल्यापासूनच."

१२ सप्टेंबर
वन्संनी सही दिली. कशावर केली ते वाचलंसुद्धा नाही. तुमच्या मनाला बरं वाटतंय ना, म्हणाल्या. मॅडमनी सही बघितली, तारीख बघितली, आणि प्रॅक्टिकल रद्द केलं. मी वाद घातला नाही. कानात मशीन, मान खाली, अशी उभी होते, तर त्यांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी तेच पुन्हा सगळ्या वर्गासमोर मोठ्याने सांगितलं.
घरी आले, वन्संच्या गुडघ्याला तेल लावलं. त्या मी आल्यापासून बोलतायत. तेल थंड आहे, माझी नखं लागतात, चहा पाणचट, पुतणीच्या घरी पंखा फार जोरात फिरतो. सगळं माझ्या उजव्या कानाशी येऊन, ओरडून.
मशीनचा आवाज त्यांनी फुल करून दिलाय.