वाचले, समजले

वॉल्थम, ३ मार्च २०१८

ती. बर्नाडेटताईंना कोलेटचा नमस्कार.

तुम्ही विणलेले मोजे पोचले. माप रसेलचं आहे. मी घालते आहे.

तुमचा भाऊ जाऊन परवा चार महिने होतील. काल त्याचे साहेब, डॉ. हॅलोरन, यांचा फोन आला होता. रसेलच्या औषधासाठी त्यांना पदक मिळतंय. चौदा एप्रिलला बोस्टनला समारंभाचं जेवण आहे. मी यावं, चार शब्द बोलावेत म्हणाले. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. औषधाचा रेणू शोधला तो त्यांच्या कंप्युटर प्रोग्रामने, रसेलने तो रेणू फक्त बनवला, त्याचे हात सोन्याचे होते. एकवीस वर्षं डोकं चालवून त्याच्या वाट्याला हात आले.

ताई, खरं काय ते लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेत रोजचं काम शाईने वहीत लिहितात. प्रत्येक पान दुसऱ्या कुणीतरी वाचायचं, खाली ‘वाचले, समजले’ असं लिहून सही करायची, असा नियम. हॅलोरन दर शुक्रवारी वह्यांचा गठ्ठा घेऊन पाच मिनिटांत सह्या उरकायचे, हे रसेल हसत सांगायचा. पेटंटच्या वकिलाने त्याला एका पानाची प्रत दिली होती. ती त्याच्या मासेमारीच्या डब्यात सापडली. सोबत तिची नक्कल पाठवते. सही पाहा आणि मी काय करू ते कळवा.

लोभ आहेच, तो वाढू द्या.

तुमची,
कोलेट


लुइस्टन, १० मार्च २०१८

चि. कोलेटला ताईचे आशीर्वाद.

सही पाहिली आणि हातातली कॉफी कागदावर सांडली. हॅलोरन म्हणजे तोच ना गं, दफनाच्या दिवशी मी भाजून आणलेल्या तूर्तिएरचे तीन तुकडे हाणले आणि वर म्हणाला की आतला खिमा जरा कोरडा झालाय?

वर्तमानपत्रात दे. नाहीतर मी येते. गुडघा गेलाय, पण हात शाबूत आहेत. आठव्या वर्षी रसेलने धरलेला मासा चुलतभावाने आपला म्हणून मिरवला, तेव्हाही आमचं ध्यान गप्प उभं होतं. मी त्या चुलतभावाला तळ्यात ढकललं होतं.

तू मात्र जाऊ द्या, जाऊ द्या करू नकोस. लग्नात फादरनी विचारलं तेव्हा तुझा होकार पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू आला नव्हता. या वेळी जरा मोठ्याने बोल.

इथे बर्फ अजून गुडघाभर आहे. जेवत जा. माया आहे ती तशीच ठेव.

तुझी,
बर्नाडेटताई


वॉल्थम, २२ एप्रिल २०१८

ती. बर्नाडेटताईंना कोलेटचा नमस्कार.

वर्तमानपत्रात दिलं नाही. जेवणाला गेले.

माझं नाव पुकारल्यावर उभी राहिले. म्हटलं की मला बोलता येत नाही, म्हणून रसेलच्या वहीतलं एक पान आणलंय. ते डॉ. हॅलोरननीच वाचून दाखवावं, कारण त्यांनी ते आधी वाचलेलं आहे. हॅलोरन खुशीत उठले, चष्मा लावला आणि वाचू लागले.

प्रोग्रामने या रेणूला चार हजार आठशे बारावा क्रमांक दिला आहे. हा प्रथिनाच्या खाचेत मावणार नाही म्हणतो. साहेब म्हणाले, वेळ घालवू नकोस. मला वाटतं, रेणू आत शिरताना प्रथिन थोडं सरकून जागा करील. म्हणून बनवून बघतो.

क्रमांकापाशीच त्यांचा आवाज बसला होता. शेवटी थांबून माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं की खाली अजून एक ओळ आहे, तीही वाचा. तुमची आठवण ठेवून मोठ्याने म्हटलं. मग त्यांनी ‘वाचले, समजले’ असं वाचलं आणि खाली स्वतःचं नाव वाचलं. ते पान ते पहिल्यांदाच वाचत होते, हे सगळ्या हॉलला कळलं.

पदकाच्या समितीने मूळ वही मागवली आहे. केल्याचं मला वाईट वाटेल, असं धरून मी वाट पाहिली. आठवडा झाला, अजून वाटलेलं नाही.

परवा हॅलोरनचं जाडजूड पत्र आलं. क्षमा मागितली असेल, नाहीतर खुलासा केला असेल. मी पाकीट उघडलं नाही. त्याच्यावरच शाईने ‘वाचले, समजले’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि परत पाठवलं.

लोभ आहे तसा असू द्या.

तुमची,
कोलेट