गाडीतलं पाणी जातं कुठे

४ जानेवारी, सकाळी ८

गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी झालंय. बाटलीवर दोन रेघा असतात. पाणी खालच्या रेघेच्याही खाली. गेल्या रविवारीच भरलं होतं. म्हणजे कुठेतरी लीक आहे. बावीस वर्षांची गाडी, एखादा थेंब गळायचाच. शोधून काढतो. चाळीस वर्षं किल्ल्या बनवत, बंद कुलपांना कान लावून संसार उभा केला. तिजोरीच्या पोटातला खटका मला ऐकू येतो, तर रबरी नळीतली पिसपिस येणार नाही?

मिस्त्रीकडे नेणार नाही. तो हल्ली दोन्ही कानांत मशीन घालतो. ज्याला घरच्या माणसाचं ऐकू येत नाही, तो इंजिन काय ऐकणार?

२६ला हिच्या थोरल्या बहिणीची पंचाहत्तरी. अडीचशे किलोमीटर. ही म्हणाली, गाडीचं जमणार असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर मी बसचं तिकीट काढते. म्हटलं, मी जिवंत असताना तू बसने जाणार? ही म्हणाली, भाचीच्या लग्नालाही तुम्ही जिवंतच होतात. त्या वेळी गाडी अर्ध्या वाटेत बसली आणि आम्ही पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. पण तो बेल्टचा प्रश्न होता. कूलंटचा नव्हता.

५ जानेवारी

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा ठणठणीत. अर्थ सरळ आहे : लीक नाही. उगाच काळजी केली.

७ जानेवारी

बाटली पुन्हा रिकामी. लीक आहे.

बाजारात गेलो. थंडी म्हणून हीटर लावला. काचेवर आतून वाफ धरली, हिने तीनदा पुसली. म्हणाली, कसला तरी गोडसर वास येतोय. म्हटलं, पिशवीतली केळी. म्हणाली, पिशवीत कांदे आहेत. बाई वादात हार मानत नाही. हीटर बंद केला, कारण इंजिनचा आवाज नीट येत नव्हता.

९ जानेवारी

रेडिएटरच्या झाकणातून बारीक शिट्टी येते. तार सप्तकातली. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, हाच पुरावा. नवीन झाकण आणलं. प्रश्न मिटला.

चिरंजीव कुलपांच्या दुकानातून फोनवर म्हणाला, बाबा, मिस्त्रीला एकदा दाखवा ना. म्हटलं, तू ज्या दुकानात बसलायस ते मी कुणाला दाखवून उभं केलेलं नाही. तो म्हणाला, बरं. हा मुलगा हल्ली फार लवकर बरं म्हणतो.

११ जानेवारी

झाकणाचा दोष नव्हता.

ही म्हणाली, माझ्या चपला ओल्या होतात. म्हटलं, तुझी पाण्याची बाटली गळत असेल. हिने माझ्यासमोर बाटली उलटी धरली. एक थेंब नाही. किती उत्तम झाकण! गाडीवाल्या कंपन्यांनी या बाटलीवाल्यांकडून शिकायला हवं. असं म्हटलं, तर ही उठून आत गेली.

१४ जानेवारी

वरची नळी बदलली, क्लिपा आवळल्या. शेजारचे बँकवाले (निवृत्त) मागे हात बांधून दोन तास उभे. शेवटी म्हणाले, पाणी आहे, उडूनही जात असेल. अशा माणसांच्या हातात लोकांच्या ठेवी होत्या.

संकल्प : गाडीजवळ कुणाला उभं करायचं नाही.

१६ जानेवारी

ही आता गाडीत बसताना पायांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवते. वर रबर बँड. गेटवरचा वॉचमन हसला. मी म्हटलं, हे काय ध्यान? ही म्हणाली, मोजे पिळून पिळून हात दुखले. पायांना घाम येणं ही तब्येतीची तक्रार आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं. लिहून ठेवतो.

बाटली निम्मी.

१८ जानेवारी

ही मागच्या सीटवर बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी टॅक्सीवाल्यासारखा पुढे एकटा. चौकात बँकवाल्यांनी हाक मारून विचारलं, किती घेता स्टेशनपर्यंत?

तसं बरंच झालं. शेजारी बोलणारं कुणी नसलं की इंजिन स्वच्छ ऐकू येतं.

२० जानेवारी

फॅमिली डॉक्टरांकडून जुना स्टेथोस्कोप मागून आणला. त्यांनी विचारलं, कुणाला काय होतंय? म्हटलं, घरातलीच आहे, बावीस वर्षांची. ते गंभीर झाले.

बॉनेटवर वाकून तासभर ऐकलं. वॉटर पंपाच्या आसपास एक ठोका येतोय. टुक, थांबून, टुक. असा ठोका मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, किल्ली हरवलेल्या एका दागिनेवाल्याच्या दुकानाच्या दाराला. तेव्हा ही माझ्याबरोबर टॉर्च धरायला यायची. पाऊण तास मी कुलपाशी झटत होतो. ही मागून म्हणत होती, आधी दार ढकलून तर बघा. मी हाताने गप्प केलं. शेवटी कंटाळून तिनेच ढकललं. उघडंच होतं. आज का आठवलं कुणास ठाऊक.

निदान : वॉटर पंप. नक्की.

२२ जानेवारी, सायंकाळी ५

पंप खोलला, पुसला, नवीन गॅस्केट घालून बसवला. कंबर गेली. पण समाधान आहे. हिला म्हटलं, २६ला सहाला निघू, पुढे बस माझ्याशेजारी. ही काही बोलली नाही. होकारच तो.

२४ जानेवारी

ट्रायलला निघालो. नवव्या किलोमीटरवर तापमानाचा काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून धूर. वाफ, म्हणायला हवं. आवाज मात्र काहीच नव्हता. हे मला फार लागलं.

टेम्पोला दोरी बांधून गाडी मिस्त्रीकडे. नाइलाज.

मिस्त्रीला सगळं सविस्तर सांगितलं : शिट्टी, पिसपिस, टुक. अर्धा तास. तो मान डोलवत होता. नंतर दिसलं, कानातली दोन्ही मशीनं टेबलावर काढून ठेवलेली, चार्जिंगला.

मग तो उठला. बॉनेटकडे गेलाच नाही. डावं दार उघडलं, मॅट उचलली, खालच्या गालिच्यावर तळवा दाबला, बोटं हुंगली. ओरडून विचारलं (तो सगळंच ओरडून विचारतो), इथे कोण बसतं?

मी ओरडून सांगितलं, मंडळी बसायची, आता मागे बसते.

का?

पाय ओले होतात म्हणते.

कधीपासून म्हणते?

मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्याला सवय असावी, त्याने पुन्हा विचारलं नाही.

हीटरचा एक छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे असतो. तो फुटलाय. सगळं पाणी आत, गालिच्यावर. दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या, हीटर वगळला. वीस मिनिटं. म्हणाला, इंजिन वाचलं, थोडक्यात. गालिचा काढून उन्हात टाका. म्हटलं, बघू.

२५ जानेवारी

साठ किलोमीटर चालवली. पाणी रेघेवर. केसभरही कमी नाही. घरी येऊन हिला म्हटलं, सापडलं! मिस्त्रीला नेमकी जागा दाखवली. उद्या सहाला.

ही म्हणाली, माझं साडेसहाच्या बसचं तिकीट आहे.

कधी काढलं?

म्हणाली, ११ तारखेला.

२६ जानेवारी, सकाळी ७.४०

हिला स्टँडवर सोडलं. मागेच बसली. पायांवर पिशव्या चढवल्या होत्या. म्हटलं, आता गरज नाही. म्हणाली, असू देत.

खिडकीची सीट मिळाली तिला. शेजारी हिच्याच वयाच्या एक बाई, बस सुटायच्या आत दोघी हसायला लागल्या. बस हलताना ही मला काहीतरी सांगत होती, हातवारे करून. नीट कळलं नाही. बसच्या इंजिनात एक ठोका कमी पडत होता, माझं लक्ष तिकडे.

घरी आलो तर कुलूप. किल्ली माझ्याकडे नाही. फोन केला. ही म्हणाली, खिडकीतून सांगितलं ना, बँकवाल्यांकडे ठेवलीय. बँकवाले फिरायला गेलेत, नऊला येतात. कुलूप मी स्वतः बसवलेलं. कुणाला उघडता येणार नाही असंच मुद्दाम बसवलं होतं. खरंच येत नाही.

म्हणून गाडीत बसून लिहितोय. स्टिअरिंग वहीला अडतं, तेव्हा डावीकडच्या सीटवर सरकलो. या बाजूने मी गाडी कधी पाहिलीच नव्हती. काचेवर आतून धुरकट चिकट थर आहे, मध्ये हिच्या रुमालाने पुसलेलं एक गोल. गोडसर वासही येतो. केळ्यांचा नाही.

पाच मिनिटांत मोजे चिंब. पिळले तर धार लागली.

इतकं पाणी होतं इथे, तर माणसाने एकदा तरी सांगायला नको?